छपरांची आठवण ऑक्टोबरात

पाऊस परतला आहे. चार महिने घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पहारा देणाऱ्या बादल्या व पातेली आपापल्या मूळच्या कामावर रुजू झाली आहेत. गच्च्यांवर गाद्यांना ऊन दाखविले जात आहे. छतावर उमटलेल्या पिवळ्या डागांवरून दिवाळीपूर्वी रंगाचा एक हात फिरविण्याचे बेत घरोघर शिजत आहेत. आपल्या उदार स्वभावास अनुसरून या शहराने यंदाही छपरांना क्षमा करून टाकली आहे. ही क्षमा आम्हांस मान्य नाही. यास्तव, ज्या जागी मंत्रिमंडळाचे फेरबदल आणि निवडणुकांचे हिशेब वाचण्याची आमच्या वाचकांना सवय आहे, त्या जागी आज आम्ही गळक्या छपरांसंबंधी लिहीत आहोत. काहींना याचे नवल वाटेल. मृग नक्षत्र लागले की या विषयावर सगळेच लिहितात. आम्हीही लिहिले आहे. परंतु तहान लागल्यावर विहीर खणावयास निघालेल्या माणसाला कुदळ कशी धरावी हे सांगून काय उपयोग? विहीर खणण्याचे दिवस हे आहेत.

गेल्या आठवड्यात एक वयोवृद्ध गृहस्थ आमच्या कचेरीत आले. उपनगरातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत सर्वांत वरच्या मजल्यावर ते राहतात. त्यांच्या हातात भिंतीवरील दिनदर्शिकेची जून ते सप्टेंबर अशी चार पाने होती. ज्या ज्या रात्री छत गळले त्या त्या तारखेभोवती त्यांनी पेन्सिलीने वर्तुळ काढले होते. आम्ही मोजली, वर्तुळे एकेचाळीस भरली. पत्नीला दम्याचा विकार आहे, तिच्या खाटेची जागा या चार महिन्यांत सहा वेळा बदलली, असे त्यांनी कोणताही आवेश न आणता सांगितले. संस्थेला त्यांनी पत्रे लिहिली. उत्तर तोंडी मिळाले : "गच्ची तुमच्या डोक्यावर आहे, तेव्हा तिची काळजी तुम्हीच करावयास हवी." हे उत्तर देणारे सज्जन पहिल्या मजल्यावर राहतात. त्या गृहस्थांना आमच्याकडून बातमी छापून हवी नव्हती. कायदा काय म्हणतो, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. ते आम्ही पुढे सांगणारच आहोत. परंतु कायद्याच्या आधी पाण्याचा विचार केला पाहिजे, कारण पाणी कायदा वाचीत नाही.

या शहरात किती पाणी पडते याची कल्पना मिलिमीटरांच्या भाषेत येत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांची सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरांच्या वर आहे. त्यांपैकी आठशेहून अधिक एकट्या जुलैचे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे गणित पाचवीच्या मुलालाही करता येईल. दोनशे चौरस मीटरांची एक बेताची गच्ची घ्या. तिच्यावर एका पावसाळ्यात साडेचार लाख लिटर पाणी येते. म्हणजे दहा हजार लिटरांचे पंचेचाळीस टँकर तिच्यावर रिते होतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या एका दिवसात अशा गच्चीने जवळजवळ एक लाख नव्वद हजार लिटर पाणी अंगावर घेतले. एवढ्या पाण्याला बाहेर पडण्यास आम्ही काय ठेवतो? चार इंच व्यासाचे दोन नळ. आणि त्यांपैकी एकाच्या तोंडावर पिंपळाची पाने, पारव्याची पिसे, दहीहंडीच्या पताका आणि कोणाच्या तरी पतंगाचा सांगाडा.

आमच्या वाडवडिलांना छपरे आमच्याहून चांगली समजत होती असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचीही छपरे गळत. परंतु छप्पर ही दरवर्षी हात लावण्याची वस्तू आहे हे त्यांना ठाऊक होते. कोकणात वैशाख सरत आला की घर शाकारणे हे लग्नमुंजीइतकेच ठरलेले कार्य असे. गडी आढ्यावर चढत, नळे परतत, फुटकी कौले काढून चांगली बसवीत, किडलेली रीप बदलीत, वळचणीची पन्हळ साफ करीत. देशावर धाब्याची व माळवदाची घरे असत. तेथेही पावसाच्या आधी नवी माती चढवून ती चोपण्याचा रिवाज होता. बासेल मिशनच्या कारखान्यांतून १८६० च्या दशकापासून निघू लागलेली मंगळुरी कौले आली, मुंबईच्या चाळींवर ती चढली, तरी कौले चाळून घेण्याची रीत सुटली नव्हती. ज्यांना गच्ची परवडत असे ते चुन्याचा कोबा करीत. त्यावर बायका ओळीने बसून दिवसचे दिवस थापीने तो बडवीत, वर गुळाचे पाणी व बेलफळाचा काढा शिंपडीत. तो थापीचा ठेका ज्यांनी ऐकला आहे अशी माणसे आता फार थोडी राहिली असतील.

पुढे सिमेंटचा स्लॅब आला आणि त्याबरोबर एक गोड समजूत आली. दगडासारखी ही वस्तू. तिला काय होणार आहे? समजूत चुकीची होती. काँक्रीट दगडासारखे दिसते खरे, परंतु उन्हाने ते फुगते आणि गारव्याने आकसते. दहा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर लांब-आखूड होतो. मे महिन्यात दुपारी उघड्या गच्चीचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास तापतो आणि पहाटे पुन्हा निवतो. ही ओढाताण रोज चालू असते. स्लॅब हलतो आणि त्याला चिकटलेली कठड्याची भिंत त्याच्याइतकी हलत नाही. तेव्हा दोघांच्या सांध्यात केसाएवढी चीर पडते. मग वळवाची पहिली सर त्या तापलेल्या गच्चीवर कोसळते आणि एका क्षणात वरचा थर आकसतो. लोक समजतात, पावसाने गच्ची फोडली. फोडण्याचे काम उन्हाने मार्चपासूनच चालविलेले असते. पाऊस केवळ ते उघडकीस आणतो. डांबराचे जे थर आपण मोठ्या विश्वासाने देतो त्यांचेही हेच होते. उन्हाने त्यांतील चिकटपणा जातो, ते वाळून तडकतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी मगरीच्या पाठीसारखे दिसू लागतात.

गळती ही गैरसोय आहे एवढेच असते तर हा विषय आम्ही आतल्या पानावर ठेवला असता. स्लॅबच्या पोटात लोखंडी सळ्या असतात आणि सगळा भार त्यांच्यावर असतो. चांगल्या काँक्रीटच्या अंगच्या क्षारधर्मामुळे त्या सळ्या गंजत नाहीत. काँक्रीटमधून पाणी झिरपू लागले, त्याबरोबर हवा आणि आमच्या समुद्राची खारट दमटाई आत शिरली, की ते कवच संपते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. काँक्रीट ती देऊ शकत नाही, ते फुटते. आधी छताला बारीक सरळ रेघ दिसते, मग तांबूस डाग, मग पोपडा, आणि एखाद्या दुपारी हातभर तुकडा ताटात पडतो. त्यापुढची पायरी सांगावयास नको. २८ मे २०२१ रोजी उल्हासनगर येथे एका इमारतीचा पाचव्या मजल्यावरचा स्लॅब खालचे स्लॅब घेऊन तळापर्यंत आला. सात माणसे गेली. त्याच महिन्यात त्याच गावात दुसऱ्या एका इमारतीची हीच गत झाली होती. तेथे केवळ गळती हेच कारण होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु छताला पाणी धरते तेव्हा ते छत आपल्या प्रकृतीविषयी काही सांगत असते, आणि ते ऐकून न घेता त्याच्या तोंडाला रंग फासणे ही आमची जुनी खोड आहे.

रंगाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण या दिवसांत सर्वांत जास्त पैसा त्यातच जातो. खालून छताला जलरोधक रंग लावून गळती बंद होत नाही. पाणी वरून येत असते; खालचे दार लावून घेतले की ते स्लॅबच्या पोटात मुक्काम करते आणि सळ्या अधिक शांतपणे गंजू लागतात. पुढच्या श्रावणात त्या रंगाला फुगा येतो. घरमालकिणीस वाटते, रंगारी लबाड निघाला. रंगारी बिचारा सांगितले तेच करून गेलेला असतो.

दुसरी चूक याहून घातक आहे, आणि ती सुशिक्षित संस्थांतही सर्रास होते. गच्ची गळते, कंत्राटदार येतो, जुन्या कोब्यावर नवा विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून देतो. सात-आठ वर्षांनी पुन्हा गळते. पुन्हा एक थर. आम्ही अशा गच्च्या पाहिल्या आहेत की जेथे जिन्याच्या दाराचा उंबरठा गच्चीच्या पातळीखाली गेला आहे आणि आत पाणी येऊ नये म्हणून दाराशी विटांचा बांध घालावा लागला आहे. चार इंच जाडीच्या अशा कोब्याचे वजन चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो भरते. दहा फूट लांब-रुंद खोलीच्या डोक्यावर तो दीड टनाहून अधिक होतो. भारतीय मानकांप्रमाणे माणसांच्या वावराची गच्ची आखताना वर येणारा भार धरतात तो चौरस मीटरला सुमारे दीडशे किलोंचा. म्हणजे माणसांसाठी राखून ठेवलेली सगळी ताकद एका जादा थराने खाल्ली, आणि वर उसनवारी झाली. आधीच गंजलेल्या सळ्यांवर हा बोजा चढविणाऱ्याने खाली कोण झोपते ते एकदा वाकून पाहावे. जुना कोबा खराब झाला असेल तर तो फोडून, उतरवून, मगच नवा घालावा. त्याला पैसे अधिक पडतात, धूळ अधिक होते आणि शेजारी अधिक भांडतात. त्याला इलाज नाही.

मग करावे काय? प्रथम पाणी कोठून येते ते शोधावे. हे वाटते तितके सोपे नाही. गच्चीवर पाणी शिरते एका ठिकाणी, स्लॅबमधून चोरवाटेने चालते, आणि थेंब टपकतो पंधरा फुटांवर दिव्याच्या वायरीपाशी. (तसे झाले असेल तर त्या वायरीचे बटण प्रथम बंद करावे आणि वायरमन येऊन पाहून जाईपर्यंत ते कोणी चालू करू नये.) पावसाळ्यात ओल कोठवर आली तिच्याभोवती खडूने रेघ ओढून तारीख घालणाऱ्या घराचे निम्मे काम झालेले असते. ज्यांनी हे केले नाही त्यांनी निदान आता, डाग रंगाखाली जाण्यापूर्वी, त्यांची नक्कल कागदावर उतरवून ठेवावी. जी ओल ऑक्टोबर सरला तरी वाळत नाही ती बहुधा पावसाची नसते. वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर, पाण्याची टाकी किंवा भिंतीतला नळ यांपैकी कोणीतरी तिचा धनी असतो. आमच्या पाहण्यात एका इमारतीने तीन वर्षे गच्चीवर पैसा ओतला. दोष निघाला टाकीच्या तळाचा.

संशय गच्चीवरच असेल तर चिखलाचे किंवा सिमेंटचे लहान बांध घालून तिचे भाग पाडावेत आणि एकेका भागात दोन-तीन दिवस बोटभर पाणी तुंबवून खाली माणूस बसवावा. याने दोषाची जागा नेमकी कळते. आणि बहुतेक वेळा ती गच्चीच्या मध्यभागी नसतेच. ती असते कडेला : कठड्याच्या सांध्याला गवंडी जो गोलवा देतात आणि ज्याला ‘वाटा’ म्हणतात तो सुटलेला असतो; पाणी उतरण्याच्या नळाचे तोंड आणि कोबा यांमध्ये फट पडलेली असते; कठड्याच्या माथ्यावरचा गिलावा भेगाळलेला असतो; कोणी दूरचित्रवाणीची छत्री बसविताना बोल्टासाठी कोब्याला भोके पाडलेली असतात; आणि भिंतीतून पिंपळाचे इवलेसे रोप डोकावत असते. पिंपळाला आम्ही भाविकपणे कापतो, उपटीत नाही. कापलेला पिंपळ पुढच्या वर्षी दुप्पट मुळ्या घेऊन येतो. त्याचे मूळ भिंत थोडी उकरून काढावे लागते आणि ती जागा पक्क्या मसाल्याने भरावी लागते.

चीर बुजवावयाची ती वरवर सिमेंट चोपडून नव्हे. ती पाचरीसारखी रुंद कापावी, धूळ काढावी, पॉलिमरमिश्रित मसाला भरावा, आणि त्यावर पाणी मारण्यास कंटाळू नये. कोबा करावयाचा तर पाणी नळाकडे आपोआप धावेल एवढा उतार हवा. शंभराला एक इतका तरी हवाच. काम संपल्यावर पुन्हा पाणी तुंबवून पाहावे आणि त्यानंतरच कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता द्यावा. वर पांढऱ्या चिनी फरशीचे तुकडे बसविल्यास ऊन परतते, स्लॅब कमी तापतो, म्हणून कमी हलतो. खालच्या खोलीत उन्हाळाही थोडा सुसह्य होतो. निरनिराळी रसायने आणि लेप बाजारात आहेत. त्यांतील काही चांगले आहेत. परंतु ओल्या गच्चीवर कोणताही लेप धरत नाही, आणि म्हणूनच जून-जुलैत, दोन सरींच्या मधल्या उघडिपीत, दहा वर्षांची हमी लिहून देणाऱ्याचा कागद लेपाच्या आधी सुटतो. पावसात करावयाचे काम एकच, ताडपत्री. पावसाळ्यापुरते गच्चीवर छप्पर घालण्याची सोय महानगरपालिकेच्या नियमांत आहे. परवानगी काढून ते घालावे. मात्र चार महिन्यांचे पाहुणे म्हणून आलेले ते पत्रे बारमाही होऊन बसतात आणि खालचा स्लॅब कोणी पाहीनासे होते, हेही आम्हांस दिसते.

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. गच्ची संस्थेची आहे. गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून वरच्या मजल्यावरील घरांचे छत व त्याचा गिलावा बिघडला, तर त्याची दुरुस्ती संस्थेने, संस्थेच्या खर्चाने करावयाची आहे. पहिल्या मजल्यावरील सज्जनांचा त्यात तितकाच वाटा आहे जितका वरच्यांचा. उलट, पाणी एखाद्या सभासदाच्या न्हाणीघरातून खाली येत असेल तर तो खर्च त्या सभासदाचा. इमारत नवी असून ताबा मिळाल्यास पाच वर्षे झाली नसतील, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे बांधकामातील दोष कळविल्यापासून तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे विकासकावर बंधनकारक आहे, आणि तो टाळाटाळ करील तर महारेराकडे जाता येते. ही पाच वर्षे नव्या घराच्या कौतुकात निघून जातात. भिंतीला पहिली ओल दिसताच लेखी कळवावे.

कायदा असा स्वच्छ असता संस्था कचरतात का? पैसा नसतो म्हणून. आदर्श उपविधी सांगतात की दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या निदान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी निदान पाव टक्का रक्कम घ्यावी. बहुतेक संस्था या ‘निदान’ला कमाल समजून बसल्या आहेत. १९७५ च्या सुमारास ज्या घराच्या बांधकामाला पन्नास हजार रुपये लागले, त्याचा पाऊण टक्का म्हणजे वर्षाला तीनशे पंचाहत्तर रुपये. अशा चोवीस घरांचे मिळून नऊ हजार होतात. तेवढ्यात गच्चीवर वाळूदेखील चढत नाही. सर्वसाधारण सभेला ही रक्कम वाढविण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु त्या सभेत वाहनतळाच्या फरशीसाठी आणि प्रवेशद्वाराच्या संगमरवरासाठी वर होणारे हात गच्चीचा विषय निघाला की खाली येतात. प्रवेशद्वार सर्वांना दिसते. गच्ची कोणाच्या पाहुण्यांना दाखवावयाची नसते.

जुन्या मुंबईतील भाड्याच्या इमारतींचे दुखणे निराळे आणि अधिक खोल आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना ते संरक्षण हवेच होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु भाडे गोठले आणि चुना, लाकूड, कौल व गवंड्याची मजुरी मात्र गोठली नाही. मालकाने हात आखडला. छपरे उघडी पडली. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि भाडेकरूंकडून दुरुस्ती उपकर घेऊन शासनाने ते काम अंगावर घेतले. त्या वेळी अशा इमारती साडेएकोणीस हजारांच्या वर होत्या. आज त्यांपैकी हजारो अजून उभ्या आहेत आणि पुनर्विकासाची वाट पाहत आहेत. गोठलेल्या भाड्याची ती तरतूद कालबाह्य व अन्यायकारक झाली आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. मग १९९९ चा नवा कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. दुरुस्तीचे कर्तव्य या कायद्यानेही मालकावरच ठेवले आहे. नोटीस देऊन पंधरा दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. परंतु एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक नाही. महिना दोनशे रुपये भाड्याच्या खोलीला ही मर्यादा सहाशे रुपये होते. सहाशे रुपयांत गवंड्याचा एक दिवसही पदरात पडत नाही. हक्क दिला आहे, पण तो बजावता येऊ नये इतका लहान करून दिला आहे. ही मर्यादा छपराच्या दुरुस्तीपुरती तरी विधिमंडळाने उठवावी, अशी आमची मागणी आहे. मालकांचा त्याला विरोध होईल. पुनर्विकासाच्या आशेने इमारत लवकर जीर्ण झालेलीच ज्यांना बरी वाटते त्यांचा तर होईलच.

आणि आमची दुसरी मागणी महानगरपालिकेकडे व म्हाडाकडे आहे. दरवर्षी मे महिन्यात या दोन्ही संस्था अतिधोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध करतात. पाहणी उन्हाळ्यात होते. म्हणजे छप्पर वर्षातून ज्या दिवसांत सर्वांत कोरडे असते नेमके त्याच दिवसांत अभियंते त्याची ओल पाहावयास जातात, आणि यादीत ज्यांचे नाव निघते त्या रहिवाशांच्या हाती जायला जागा शोधण्यास दोन-तीन आठवडेच राहतात. तेवढ्या अवधीत कोण कोठे जाणार? माणसे तेथेच राहतात, आणि जुलैत आम्ही त्यांच्याविषयी मोठ्या अक्षरांत छापतो. पाहणीचा एक फेरा ऑक्टोबरात, भिंती ओल्या असतानाच, करावा. दुरुस्तीस सात महिने मिळतील, आणि जेथे दुरुस्ती शक्य नाही तेथे माणसांना हलविण्याससुद्धा. पंधरा वर्षांवरील इमारतीची पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांनी संरचना तपासणी करावी असे उपविधी सांगतात. या तपासण्यांचे अहवाल कपाटात कुलूपबंद न राहता जिन्याखालच्या फलकावर लागावेत.

शाळांचा उल्लेख केल्याशिवाय आम्हांस राहवत नाही, कारण वृत्तपत्रात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे मास्तरकी केली आहे. ज्या शाळेत आम्ही होतो तेथे पाचवीचा वर्ग गळे. मुलांना कोणत्या बाकावर केव्हा थेंब पडतो हे पाठ झाले होते. सर वाढली की न सांगता ती सरकून बसत. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. ओल त्याच्यापर्यंत पोहोचली तेव्हा डाग पडला तो बरोबर मराठवाड्यावर. त्या प्रदेशाला त्या वर्षी तेवढेच पाणी मिळाले असावे! मुख्याध्यापक दर जूनमध्ये संस्थेच्या चालकांना पत्र लिहीत आणि दर ऑक्टोबरात ते पत्र सगळेच विसरत. सगळ्यांत आम्हीही होतो. सहामाहीच्या पेपरांच्या गठ्ठ्यापुढे कौले कोणाला आठवतात? 

ज्यांच्या डोक्यावर स्लॅबही नाही आणि कौलही नाही, त्या लाखो लोकांविषयी लिहिताना लेखणी अडखळते. त्यांचे छप्पर हा दुरुस्तीचा नव्हे, निवाऱ्याचा प्रश्न आहे. तरी एक-दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. पत्र्याला बोल्ट मारावयाचा तो नागमोडीच्या उंचवट्यावर, पाणी वाहते त्या खळग्यात नव्हे. आणि त्याखालचा रबरी वायसर उन्हाने दोन-तीन वर्षांत कडक होतो, तो पावसाआधी बदलावा. दुसरी गोष्ट जीवाची आहे. सिमेंटचा जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. त्यावर थेट पाय देऊन दुरुस्तीस चढलेला कामगार पत्र्यासकट खाली येतो. पत्र्याखालच्या लोखंडी किंवा लाकडी आधारांवर फळ्या टाकून, त्या फळ्यांवरूनच चालावे, आणि कमरेला दोर असावा. काम करून घेणाऱ्याने फळी व दोर नसलेल्या माणसाला वर चढू देऊ नये, मग तो स्वतःहून कितीही ‘होईल, साहेब’ म्हणो.

गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा कायद्याप्रमाणे ३० सप्टेंबरपर्यंत होऊन गेल्या असतील. ज्यांच्या विषयपत्रिकेत गच्ची नव्हती त्यांना विशेष सर्वसाधारण सभा बोलाविता येते. ती दिवाळीच्या आधी बोलवावी, म्हणजे दिवाळीनंतर काम सुरू होऊन मार्चच्या उन्हाआधी कोबा मुरेल. त्या वृद्ध गृहस्थांना आम्ही उपविधींतील संबंधित भागाची प्रत दिली आहे. त्यांच्या संस्थेच्या कार्यकारिणीस आमची एक सूचना आहे. ही सभा खाली वाहनतळात न भरविता सर्वांत वरच्या मजल्यावर, त्यांच्याच बाहेरच्या खोलीत भरवावी, आणि दिनदर्शिकेची ती चार पाने अध्यक्षांच्या समोर ठेवावीत. खुर्च्या कमी पडतील. सतरंजी अंथरावी, जमीन एव्हाना वाळली आहे.